खेळशील का?

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये, जळगाव येथे केलेले भाषण)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली. एआयवर बोल, मुलांच्या करिअरवर बोल." मी हो म्हटलं होतं. पण एआयवर मी ऑफिसात रोज बोलते आणि घरी मुलगा मला रोज शिकवतो. इतक्या वर्षांनी तुम्ही सगळे एका मांडवाखाली भेटलात, तर वेगळं काहीतरी बोलावं असं वाटलं. म्हणून आज खेळाबद्दल आणि दुखण्याबद्दल बोलते. दुखणं हा विषय आता आपल्या सगळ्यांच्याच जवळचा झाला आहे. सकाळपासून बघतेय, गप्पा कुठूनही निघोत, गुडघा, कंबर आणि शुगर या तीन स्टेशनांवर गाडी थांबतेच.

विषय मला दुपारच्या पंगतीतच मिळाला. भरीत-पुरी चालू होती आणि आपल्या मुलांच्या टोळक्यात ऋषभ पंतवरून जुंपली होती. मुलं म्हणजे आता पंचेचाळिशीचे बाप, पण वाद घालताना अजून मुलंच. या जुलैत मँचेस्टरच्या कसोटीत ख्रिस वोक्सचा चेंडू रिव्हर्स स्वीप मारताना पंतच्या पायावर बसला. पाय सुजला, त्याला गाडीवर बसवून बाहेर नेलं. तेव्हा तो ३७ वर होता. पायाचं हाड मोडल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी तो लंगडत पायऱ्या उतरून परत फलंदाजीला आला आणि ५४ पर्यंत गेला. सामना वाचला. पुढच्या, म्हणजे पाचव्या कसोटीत मात्र तो खेळू शकला नाही.

एक म्हणाला, "याला म्हणतात वाघ! नाहीतर आजकालचे. नख दुखलं की विश्रांती."

दुसरा म्हणाला, "वाघ कसला? पाय कायमचा गेला असता तर तुझ्या टाळ्या काय कामाच्या?"

तिसऱ्याने भरिताचा घास थांबवून सांगितलं, "आणि वोक्स? त्याचं काय?" त्याचंही खरं होतं. ओव्हलच्या शेवटच्या सामन्यात वोक्सचा खांदा निखळला, आणि शेवटच्या सकाळी तोच वोक्स एक हात स्वेटरच्या आत झोळीत बांधून अकराव्या क्रमांकावर मैदानात उतरला. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही, पण पळावं लागलं, आणि प्रत्येक धावेला त्याचा चेहरा पिळवटत होता. इंग्लंड ६ धावांनी हरलं. आपण जिंकलो म्हणून नाचलो, पण त्या माणसाला उभं राहून टाळ्या दिल्या नाहीत असा घरात कोणी राहिला नसेल.

मी त्या वादात पडले नाही. ताट घेऊन बाजूला झाले, कारण हाच वाद मी आयुष्यात बऱ्याच वेळा ऐकला आहे, घातलाही आहे, आणि दोन वेळा त्यात फार चुकीच्या बाजूला उभी होते. ते आज सांगायचं आहे.

पहिला वाद आठवतो तो ३१ जानेवारी १९९९ चा. रविवार होता. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती, पुस्तक मांडीवर आणि डोळे टीव्हीवर. चेन्नईला चेपॉकवर पाकिस्तानविरुद्ध कसोटीचा चौथा दिवस. जिंकायला २७१ हवे होते आणि ८२ वर आपले ५ गेले होते. पहिल्या डावात शून्यावर बाद झालेला सचिन उभा होता. त्याने आणि नयन मोंगियाने १३६ धावा जोडल्या. मध्येच सचिनच्या पाठीत उसण भरली. प्रत्येक फटक्यानंतर तो वाकायचा, पाठ धरायचा, परत स्टान्स घ्यायचा. सहा तासांहून जास्त वेळ तो खेळला. १३६ वर असताना सकलेनला उचलून मारायला गेला आणि वासिम अक्रमने झेल घेतला. तेव्हा १७ धावा हव्या होत्या. उरलेले तीन गडी चार धावांत गेले. १२ धावांनी हरलो. चेपॉकच्या लोकांनी पाकिस्तानच्या संघाला उभं राहून मान दिला, ते बघून आमच्या गल्लीत कोणी काही बोलेना.

थोड्या वेळाने बोलायला लागले. शेजारचे काका म्हणाले, "दुखत होतं तर एकेक काढायची. उचलून मारायची काय गरज होती?"

बाबा म्हणाले, "दुखत होतं म्हणूनच मारलं. पळवत होतं का त्याला?"

"मोक्याच्या वेळी जातोच तो."

"तुम्ही उसण भरलेली असताना पाण्याची बादली तरी उचलून दाखवा!"

रात्री जेवणं होईपर्यंत हे चाललं होतं. सामनावीर सचिनच होता, पण तो बक्षीस घ्यायला आला नाही. आमच्या गल्लीत मात्र निकाल लागला नाही. अर्धी गल्ली म्हणे जिगर, अर्धी म्हणे जिगर असती तर जिंकवला असता.

नंतर मी धुळ्याला इंजिनिअरिंगला गेले. मे २००२ मध्ये होस्टेलच्या टीव्हीवर रात्री उशिरा आम्ही अँटिग्वाची कसोटी बघत होतो. अनिल कुंबळे जबडा मोडलेला असताना, डोक्याभोवती पट्टी गुंडाळून मैदानात आला. त्याने १४ षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. मग तो शस्त्रक्रियेसाठी भारतात परतला. त्या रात्री होस्टेलमध्ये वादच झाला नाही. पट्टी दिसत होती, लारा बाद झालेला दिसत होता. वाद घालायला जागाच नव्हती.

वाद परत झाला तो मार्च २००६ मध्ये. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध कसोटी होती. सचिनच्या कोपराची शस्त्रक्रिया आदल्या वर्षीच लंडनला झाली होती, त्या टेनिस एल्बोमुळे ते दुखणं आपल्याकडे घरोघरी माहीत झालं होतं. पहिल्या डावात सचिन १ धाव काढून बाद झाला. परत जाताना त्याच्याच गावच्या, त्याच्याच मैदानावरच्या काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या दिवसांत 'एंडुलकर' असा शब्दखेळही छापून आला होता.

ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यावर चर्चा चालली होती. आणि मी, जळगावची, सचिनचे फोटो वहीत चिकटवणारी मी, चहाचा कप हातात धरून म्हणाले, "जमत नसेल तर सोडावं माणसाने. जागा अडवून काय बसायचं?" चार जण हसले. मला बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत बातमी आली की सचिनच्या खांद्यावर लंडनला शस्त्रक्रिया झाली. म्हणजे तो माणूस वानखेडेवर उतरला तो खांदा धड नसताना. तेव्हा पट्टी दिसत नव्हती, वाकून पाठ धरणंही दिसत नव्हतं. आम्हाला दिसली ती फक्त १ धाव.

तो सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला परत आला आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ केल्या. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच वानखेडेवर तो २०० वी कसोटी खेळून निवृत्त झाला, आणि मैदानच काय, देश रडला. हुर्यो उडवणाऱ्यांतलेही काही त्या दिवशी तिथे रडले असतील. पुण्यात टीव्हीसमोर मी रडतच होते.

त्यानंतर मला एक गोष्ट टोचत राहिली. १९९९ चा आणि २००६ चा सचिन एकच होता. दोन्ही वेळा दुखणं घेऊनच खेळत होता. एकदा आम्हाला दुखणं दिसलं तर आम्ही त्याच्या जिगरीवर वाद घातला, एकदा दिसलं नाही तर त्याला म्हातारा ठरवलं. दुखणं त्याचं आणि न्यायाधीश आम्ही. आणि पुरावा काय, तर टीव्हीवर जेवढं दिसलं तेवढंच.

आता हे सगळं मोठ्या माणसांचं झालं. आता आपल्या शाळेचं सांगते. गुरुजनांची आणि ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या दोघांची परवानगी घेतली आहे.

१९९५ चा हिवाळा. आपण नववीत होतो. मुलींचा खो-खोचा संघ विभागीय स्पर्धेला धुळ्याला गेला होता. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे तिकडच्या मुलीही धुळ्याच्या म्हणूनच उतरायच्या, आणि त्या वाऱ्यासारख्या पळायच्या. पहाटेच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत आपण पोचलो. काहींना पारोळ्यालाच उलट्या झाल्या, नावं घेत नाही. उपांत्य सामन्यात दोन गोष्टी झाल्या. खांबाजवळ वळताना माझा घोटा मुरगळला. आणि तिने सूर मारला तेव्हा तिचा गुडघा जमिनीवर आपटला. ती म्हणजे आपल्या संघातली सगळ्यात चांगली आक्रमक. तिचं नाव मी घेत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता मान खाली घालून हसते आहे, त्यामुळे तुम्हाला कळलंच.

सामना आपण जिंकलो. अंतिम सामना दुपारी होता. सरांनी स्प्रे मारला, माझ्या घोट्याला क्रेप बँडेज बांधलं. सगळा संघ गोल करून बसला होता. सरांनी मला विचारलं, "खेळशील का?"

मी म्हणाले, "हो सर."

मग तिला विचारलं, "तू खेळशील का?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही सर. गुडघ्यात काहीतरी वेगळं झालंय. मला बसवा."

मी खेळले. पहिल्या तुकडीत पळायला उतरले, कशीबशी दोन मिनिटं टिकले, बाद झाले. पुढच्या डावात पाटीवर बसले तर उठून वळताच येईना. आपण दोन गुणांनी हरलो. सोमवारी शाळेत प्रार्थनेनंतर मला पुढे बोलावलं, पायाला बँडेज असताना शाळेसाठी खेळली म्हणून सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मी लंगडत पुढे गेले. खरं सांगते, गरजेपेक्षा थोडं जास्तच लंगडले.

तिला कोणी पुढे बोलावलं नाही. परतीच्या एसटीत तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. पारोळा ते एरंडोल ती खिडकीबाहेर बघत होती. आणि त्याच आठवड्यात तिला एक नाव पडलं, नाजूकबाई. ते दहावीच्या सेंडऑफपर्यंत टिकलं. ती खो-खोच्या मैदानावर परत कधी आली नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे नाव आठवत असेल. कोणी ठेवलं हे आठवत नसेल. ते मी ठेवलं होतं.

या गोष्टीत एक हिशोब आपण कोणीच तेव्हा केला नाही. खो-खोत मैदानावर नऊ खेळाडू आणि बाहेर राखीव. त्या दिवशी आपल्या बाकावर एक धडधाकट मुलगी बसली होती. माझा घोटा सुजलेला नसता तर मी खेळणं बरोबर होतं. पण सुजलेल्या घोट्याची मी आणि धडधाकट ती, यात मैदानावर कोण असायला हवं होतं? दोन गुणांनी हरलो होतो. कदाचित माझ्या जिगरीनेच हरलो असू. त्या सोमवारी टाळ्या वाजवताना हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

घरी आल्यावर आजीने पाय बघितला. माझी आजी धुळे तालुक्यातली, अहिराणी बोलणारी. तिने आंबेहळदीचा लेप गरम करून लावला. मी तिला मोठ्या अभिमानाने सांगत होते की सर काय म्हणाले, मुली काय म्हणाल्या, कशा टाळ्या वाजल्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, पाय तुना शे. टाळ्या लोकेसन्या शेतस."

तेव्हा मला वाटलं, म्हातारीला खेळातलं काय कळतं. पण आजी अंगात ताप घेऊन कापूस वेचायला गेलेली बाई होती. एक दिवस घरी बसली तर रोज बुडायचा म्हणून गेलेली. तिच्यासाठी कोणी उभं राहून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. म्हणून तिला फरक कळत होता. ज्याला थांबायची सोयच नाही त्याचं सोसणं वेगळं, आणि थांबता येत असताना चारचौघांत नाही म्हणता येत नाही म्हणून सोसणं वेगळं. आपल्या घरांत आया, आज्या, शेतमजूर बायका यांनी पहिल्या प्रकारचं सोसणं किती सोसलं, त्याचा वाद कुठल्या गल्लीत कधी झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, शाळेतली गोष्ट, तेरा-चौदा वर्षांची पोरं, एवढं काय मनावर घ्यायचं? मलाही असंच वाटायचं. पण शाळेत शिकलेलं जात नाही, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी काय सांगणार.

काही वर्षांपूर्वी मी एका टीमची प्रमुख होते. एका रात्री आमचं मोठं काम लाइव्ह जाणार होतं. टीममधला एक मुलगा अंगात ताप असताना पहाटेपर्यंत बसला. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी त्याला उभं केलं आणि म्हणाले, "याला म्हणतात कमिटमेंट." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बघा, वारही तोच, सोमवार.

दोनेक महिन्यांनी टीममधली एक मुलगी चार दिवस ताप घेऊन काम करत राहिली. कोणाला बोलली नाही. पाचव्या दिवशी तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. डेंग्यू होता, प्लेटलेट्स उतरत होत्या. मी भेटायला गेले. तिची आई गावाहून आली होती, कॉटशेजारी बसली होती. तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, तुम्ही सुट्टी देत नाही का हो?"

मी म्हणाले, "काकू, तिने मागितलीच नाही. मी कधीच नाही म्हटलं नसतं."

हे अक्षरशः खरं होतं. मी कोणालाच सुट्टी नाकारली नव्हती. पण सुट्टी न घेणाऱ्यासाठी मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ती मुलगी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. तिला नियम माझ्या तोंडून कळला नव्हता, टाळ्यांतून कळला होता. दवाखान्याच्या त्या जिन्यावरून उतरताना मला पारोळा ते एरंडोल खिडकीबाहेर बघणारी ती मुलगी आठवली. वीसेक वर्षांनी.

मुलगी बरी झाली, देवाची कृपा. पण तेव्हापासून मी टाळी वाजवायच्या आधी आजूबाजूला बघते. एकाचं कौतुक करताना दुसऱ्या कोणाला आपण काय सांगतोय, ते बघते.

म्हणजे पंतसाठी टाळ्या वाजवू नयेत का? कुंबळेसाठी? असं मी म्हणत नाही. लाराला बाद करणारा तो चेंडू आठवला की आजही अंगावर काटा येतो. ही मोठी, जाणती माणसं. सोबत डॉक्टर, फिजिओ. कुठलं हाड मोडलंय, किती धोका आहे, हे माहीत असून त्यांनी ठरवलं. त्यांचं शरीर, त्यांचा निर्णय. त्या निर्णयात काहीतरी फार सुंदर आहे, ते मला नाकारायचं नाही.

पण क्रिकेटनेच एक गोष्ट शिकून घेतली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिल ह्यूज मानेवर चेंडू लागून गेला. त्यानंतर डोक्याच्या माराकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत नियम आला की डोक्याला मार लागून खेळाडूला कन्कशन झालं, तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू पूर्ण खेळेल. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, तो या नियमाचा कसोटीतला पहिला बदली खेळाडू. या नियमात मला आवडलेली गोष्ट अशी, की खेळायचं की नाही हे तिथे खेळाडूच्या हो-नाहीवर सोडलेलं नाही, वैद्यकीय पथक ठरवतं. कारण सगळ्यांना माहीत आहे, खेळाडूला विचारलं तर तो "मी ठीक आहे" असंच म्हणणार. डोक्याला मार लागलेलाही हेच म्हणतो. पंतच्या दुखापतीनंतर ऑगस्टमध्ये बीसीसीआयनेही देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांसाठी गंभीर दुखापतीला बदली खेळाडू देण्याचा नियम आणला. म्हणजे बाकावरच्या धडधाकट खेळाडूची आठवण शेवटी नियमाला तरी झाली.

काल संध्याकाळी मी आपल्या क्रीडा शिक्षकांच्या घरी गेले होते. सर आता ऐंशीच्या घरात आहेत, आज समोर बसले आहेत. चहा घेताना मी त्यांना धुळ्याची आठवण करून दिली. मला वाटलं, ते विसरले असतील. ते विसरले नव्हते. म्हणाले, "त्या दिवशी मी चूक केली. तुम्हा दोघींना सगळ्यांसमोर विचारलं. चौदा वर्षांच्या पोरीला संघ गोल करून बसलेला असताना 'खेळशील का' म्हणून विचारणं, म्हणजे विचारणं नव्हे, सांगणंच ते. बाजूला घेऊन विचारायला हवं होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ती नाही म्हणाली, तर मी तिला शाबास म्हणायला हवं होतं. तेवढ्या सगळ्यांसमोर नाही म्हणायला काय लागतं, ते मला तेव्हा कळलं नाही."

सर, तुम्ही आम्हाला पळायला शिकवलंत, पडल्यावर उठायला शिकवलंत. काल तुम्ही आणखी एक गोष्ट शिकवलीत. ऐंशीच्या घरात असं कबूल करणं आमच्यापैकी किती जणांना जमेल, मला शंका आहे.

आता तिचं सांगते, कारण तिने परवानगी देताना एक अट घातली आहे, की मला बिचारी करू नकोस. तर ती बिचारी नाही. त्या वेळी जळगावला डॉक्टरांनी फोटो काढला, तेव्हा गुडघ्याच्या वाटीला चीर गेलेली निघाली. प्लास्टर घातलं. ते दिवस शाळेला दिवाळीची सुट्टी आणि मग "तिला बरं नाही" एवढ्यावर निघून गेले. प्लास्टरचं तिने कोणाला सांगितलं नाही. मी गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही कोणी विचारलं का?"

आज ती चोपड्याकडे केळीची बाग सांभाळते. दिवसभर वाफ्यांमधून, पाटांवरून चालते. आणि मी आत्ता या व्यासपीठाच्या तीन पायऱ्या कठडा धरून चढले, ते तुम्ही बघितलंत. माझा घोटा त्यानंतर दोनदा मुरगळला, लिगामेंट सैल राहिलं ते राहिलंच, पावसाळ्यात तो हवामान खात्याच्या आधी सांगतो. थांबणारा नेहमी बरा होतो आणि खेळणारा नेहमी पस्तावतो असं नाही, कुंबळे पुढे किती वर्षं खेळला आपण पाहिलं. पण त्या दिवशी गोल करून बसलेल्या आपल्या संघात स्वतःचं शरीर ओळखणारी एकच मुलगी होती, आणि तिला आपण भित्री ठरवलं. मी नाव ठेवलं आणि बाकीच्यांनी वापरलं.

फोनवर मी तिची माफी मागितली होती. पण नाव मी फोनवर ठेवलं नव्हतं, सगळ्यांसमोर ठेवलं होतं. म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी. बाई गं, चुकले मी. तीस वर्षं उशीर झाला.

आता आपली मुलं त्या वयात आहेत. कोणी कबड्डी खेळतो, कोणी क्रिकेटच्या अकादमीत जातं, कोणी कोटा-लातूरला अभ्यास करतं, आणि तोही एक सामनाच आहे. मी मोठा उपदेश करणार नाही, घरी ऐकत नाहीत तर इथे कोण ऐकणार. फक्त एक विनंती. आपलं मूल किंवा आपल्या हाताखालचं माणूस लंगडताना दिसलं, तर त्याला चारचौघांत विचारू नका. बाजूला घ्या आणि विचारा, "खेळशील का?" आणि मग "नाही" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवून थांबा. हो म्हणाला तर त्याच्या सोबत उभे राहा. नाही म्हणाला तर एसटीत त्याच्या शेजारी जाऊन बसा.

मला दिलेली पंधरा मिनिटं संपली, संयोजक घड्याळ दाखवतायत. ते खरे शिस्तीचे. जेवताना पंतवर भांडणाऱ्यांना एवढंच सांगते, वाद चालू ठेवा, वादाशिवाय क्रिकेट कसलं! पण संध्याकाळच्या फोटोला उभं राहताना ज्याचे गुडघे दुखत असतील त्याने बिनधास्त खुर्ची मागावी. पहिली खुर्ची मी घेणार आहे. आणि माझ्या शेजारची जागा राखून ठेवली आहे, कोणासाठी ते तुम्हाला माहीत आहे.